तपकिरी घोडा

वसतिगृहाच्या दारात त्याने मोटारसायकल लावली,
इंजिनावर जुनी गोधडी टाकली, जनावरावर टाकावी तशी,
वाळवलेल्या दह्याची पुरचुंडी माझ्या हाती दिली
आणि तो निघालाच.
"मुलगी तुमच्या हवाली. शाळा तुमची, कळप माझा.
ज्याचं काम त्यानं करावं."
एवढं बोलायला
एकशेवीस किलोमीटर बर्फातून आला होता गोम्बोसुरेन.

मी म्हटलं, चहा तरी घ्या.
आमच्या गवताळ मुलखात चहाला नाही म्हणता येत नाही.
म्हणून तर मी तो वर्गात मांडते.

खुर्ची सहा वर्षांच्या मुलांच्या मापाची.
त्याचे गुडघे छातीला लागले,
अंगरख्याचा घोळ कुठे आवरावा कळेना,
आणि तोंडावर तो भाव
जो मी कितीतरी बापांच्या तोंडावर पाहिलाय :
आता आपलं नाव पुकारतील, आणि आपल्याला येणार नाही.

नोमून भिंतीकडे बघत बसलेली.
सप्टेंबरपासून ती वर्गात अकरा शब्द बोलली होती.
मी मोजले होते.

वही उघडली. पान चौदा.
घोड्याचं चित्र, खाली अर्धं वाक्य :
या घोड्याचा रंग...
पुढची रेघ कोरी. शेजारी माझी लाल फुली.
"सोपं होतं," मी म्हटलं. "तपकिरी. एवढंच लिहायचं."

त्याने पान खिडकीपाशी नेलं.
बाजारात घोडा पाहतात तसं पाहिलं, आधी पाय.
"बाई, तपकिरी म्हणजे कोणता?"
मला वाटलं, त्याला शब्द लागला नाही.
"आयाळ तांबडी असेल तर हा झेर्द.
काळी असेल तर खेर.
अंगभर गडद, तर खुरेन.
चित्रकारानं आयाळ अर्धीच रंगवलीय.
पोरीनं लिहावं काय?"

भिंतीकडून आवाज आला :
"आणि विहिरीजवळची घोडी?"
"ती बूरल. पांढरे केस मिसळलेली."
"पण हिवाळ्यात नाही. हिवाळ्यात ती खेर दिसते. तूच म्हणालास."

बारा शब्द.
तीन महिन्यांपेक्षा एक जास्त.
मी चहा ओतत होते, पेल्यात की टेबलावर, कोण जाणे.

लाल शाई पुसत नाही.
फुलीखाली मी लिहिलं : चूक बाईंची.

आता दर गुरुवारी तो टेकडी चढतो;
फोन तिथेच लागतो.
नोमून त्याला बेरीज शिकवते.
हातचा कुठून येतो हे त्याला अजून कळलेलं नाही,
आणि तो तसं सांगून टाकतो,
"नाही आलं मला. परत सांग."
ती परत सांगते, परत सांगते,
इतकं की हातचा आता वर्गात कुणाचाच चुकत नाही.
(बात्सुखचा चुकतो. त्याच्या घरून फोन येत नाही.)

एकदा पलीकडे नुसता वारा होता.
तिने वाऱ्याला अख्खं पान वाचून दाखवलं.
मी म्हणणार होते, ठेव आता,
तेवढ्यात वाऱ्यातून आलं :
"मग? पुढे?"

इंजिन चालू ठेवून दारात उभे राहणाऱ्यांनो,
मला तुमच्याकडून धडा घेऊन नकोय.
खुर्ची लहान आहे, हे खरं. गुडघे दुखतील.
वही उघडलेली असेल. पुस्तकात काय चुकलंय ते बघा,
नाहीतर विचारा : मग? पुढे?
बात्सुखच्या आईला निरोप धाडलाय मी, तिसऱ्यांदा.

जिल्ह्याहून तक्ता आलाय.
पालकांचा सहभाग : शाळेस भेटी किती?
गोम्बोसुरेनच्या नावापुढे मी लिहिलं, एक.
मग रकान्याबाहेर, बारीक अक्षरात,
टेकडी.